बैलाचा भोवरा, मेंढीची लोकर आणि उंदराच्या गर्भातले संकेत

मलप्रभेकाठची · शनिवार, रात्री ९:४०

मी खानापूर तालुक्यातली. सध्या एका प्रयोगशाळेत उंदराच्या कातडीवर काम करते. गावी आले की प्रत्येक जण विचारतो, "उंदराचे केस बघून काय मिळणार तुला?" दारात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते. आपल्या भागात बैलाचा भोवरा बघून सौदा ठरतो, मेंढी कातरून घोंगडी विणली जाते. तेव्हा हा विषय कुणाला परका वाटू नये.

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा गुलाबी आणि उघडं असतं. केस कातडीबाहेर यायला पाच-सहा दिवस लागतात. पण कुठला केस कुठं उगवणार, हे त्याच्या कितीतरी आधी, आईच्या पोटातच ठरलेलं असतं. उंदरीचा गर्भकाळ एकोणीस-वीस दिवसांचा. तेराव्या दिवसापर्यंत गर्भाची पाठ सपाट असते, सगळ्या पेशी सारख्याच दिसतात. साडेचौदाव्या दिवसाचा गर्भ घेऊन, विंट नावाचा संकेत (पेशींनी एकमेकींना पाठवलेला निरोप) जिथं चालू आहे तिथं जांभळा रंग उमटेल अशी प्रक्रिया केली की सूक्ष्मदर्शकाखाली कुशीवर बारीक ठिपके दिसतात. सुईच्या टोकापेक्षा लहान, कडा किंचित धूसर, आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर जवळजवळ सारखं. मिशांच्या जागी मात्र तोवर ओळी पक्क्या झालेल्या असतात, कारण मिशा दोनेक दिवस आधीच सुरू होतात. हा प्रत्येक ठिपका म्हणजे एका केसाचं होऊ घातलेलं मूळ, म्हणजेच केशपुटक.

हे घडतं कातडीच्या दोन थरांच्या देवाणघेवाणीतून. आतल्या थराकडून, अंतस्त्वचेकडून, पहिली चाल होते. त्यावर बाह्यत्वचेत विंट संकेत जोर धरतो, काही पेशी जवळ येऊन दाटतात आणि तिथं छोटी जाड चकती तयार होते. तिला प्लॅकोड म्हणतात. आता ही चकती उलटा निरोप पाठवते, त्यात एफजीएफ-२० हे प्रथिन महत्त्वाचं. त्याच्या ओढीनं खालच्या पेशी चकतीखाली गोळा होतात. पुढं याच पेशींची केसाच्या बुडाशी असणारी पॅपिला होते. मग सॉनिक हेजहॉग नावाचा संकेत चकतीला खाली, खोल वाढायला लावतो.

एकेक निरोप काढून घेतला की त्याचं काम कळतं. २००२ साली शास्त्रज्ञांनी उंदराच्या कातडीत डीकेके-१ हे विंटला अडवणारं प्रथिन भरपूर तयार होईल अशी सोय केली. त्या उंदरांत एकही केशपुटक तयार झालं नाही. दातांची आणि स्तनग्रंथींची वाढही अडली. सॉनिक हेजहॉग नसलेल्या गर्भात चकत्या होतात, खाली पेशीही जमतात, पण गाडी तिथंच अडते.

मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती समान अंतराच्या कोड्याची. निपाणीकडं तंबाखूची लावण करताना आधी रानात खुणा पाडून घेतात, मग खुणेवर रोप लावतात. गर्भाच्या पाठीवर खुणा पाडणारं कुणीच नाही. १९५२ साली ॲलन ट्युरिंग या गणितज्ञानं दाखवलं की, स्वतःलाच वाढवणारा एक पदार्थ आणि त्याला अडवणारा, जास्त लांबवर पसरणारा दुसरा, एवढ्या दोन गोष्टी असल्या की एकसारख्या पृष्ठभागावर आपोआप नक्षी उमटते. २००६ मध्ये फ्रायबुर्गच्या गटानं उंदराच्या केसांत विंट आणि डीकेके ही तशी जोडी असल्याचं मांडलं. अडवणारा पदार्थ वाढवला तेव्हा पहिल्या खेपेची मुळं एकमेकांपासून लांब लांब पडली. आज आपण म्हणतो की त्यात बीएमपी आणि एडा हे आणखी दोन संकेत आणि पेशींची स्वतःची हालचालही सामील आहे. पण मूळ कल्पना टिकून आहे.

आणि हे एका दमात होत नाही. पहिली खेप साडेचौदाव्या दिवशी, त्यातून लांब राठ केस येतात, ते अंगावर फार थोडे असतात. दुसरी साडेसोळाव्या दिवशी. तिसरी जन्माच्या तोंडावर, तीच सगळ्यात मोठी, तिच्यातून ऊब देणारे बारीक नागमोडी केस. विचारा काय विचारायचं ते.

बैलबाजार · शनिवार, रात्री १०:१५

अक्का, लई चांगलं लिहिलंय. पण बैलाचं सांगा की. आमच्या रायबागकडं चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत खिलार खोंड बघायला गेलं की जुनी माणसं आधी दात बघत्यात, मग खूर, मग अंगावरनं हात फिरवून भोवरे आणि गोम (केसांची रेघ) बघत्यात. गोम वाईट जागी निघाली की जनावर कितीबी तयारीचं असू दे, दर पडतोय. आमच्या शेजाऱ्यानं असाच एक गुणी खोंड पडत्या भावात दिला. कामाला वाघ होता. घेणाऱ्याचं काय वाईट झालं नाही, पण इकणाऱ्याच्या घरात पोरं रडली. भोवरा कशानं पडतोय ते सांगा.

मलप्रभेकाठची · शनिवार, रात्री १०:५०

दादा, यावर उंदरात फार सुंदर काम झालंय.

केस कातडीतून सरळ वर येत नाही, तिरका येतो. उंदराच्या पाठीवरचे सगळे केस डोक्याकडून शेपटीकडं झुकलेले असतात. म्हणजे प्रत्येक मुळाला पुढं कुठलं आणि मागं कुठलं हे कळायला हवं. ते काम बाह्यत्वचेतली काही प्रथिनं करतात. पेशीच्या पुढच्या कडेला एक जोडीदार, मागच्या कडेला दुसरा, असं करत शेजारची पेशी आपल्या शेजारणीशी दिशा जुळवून घेते. त्यातलंच एक प्रथिन फ्रिझल्ड-६. २००४ साली हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांच्या पायांवर भोवरे पडले आणि डोक्यावरचे केस भलत्याच दिशांना वळले. केस तेवढेच, तसलेच, फक्त दिशा हरवलेली.

पुढची गोष्ट मला जास्त भावते. त्या पिल्लांची कातडी जन्माच्या सुमारास बघितली तर मुळं वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. पुढच्या आठवडाभरात शेजारची मुळं एकमेकांकडं बघून हळूहळू वळतात आणि जवळपासच्या सगळ्यांची दिशा जुळते. पण एका भागाची दिशा एक, पलीकडच्या भागाची दुसरी. जिथं हे भाग मिळतात तिथं भोवरा राहतो.

म्हणजे भोवरा ही केसांच्या दिशा मिळण्याची जागा आहे. धन्याच्या घरात बरकत येणार की नाही, हे त्या पेशींना माहीत असायचं काही कारण नाही. चांगल्या खोंडाचा दर त्यावरून पाडणं हा जनावर पाळणाऱ्या गरीब माणसावर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पशुवैद्य_अथणी · रविवार, सकाळी ७:३०

ताईंच्या म्हणण्याला माझा पाठिंबा. एक भर घालतो. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये खोड्यात अडकवलेल्या जनावरांच्या कपाळावरचे भोवरे बघितले. डोळ्यांच्या रेषेच्या वर भोवरा असलेली जनावरं जास्त बुजरी, जास्त धडपडणारी निघाली. कातडीचा वरचा थर आणि मज्जासंस्था गर्भात एकाच थरातून तयार होतात, त्यामुळे दोन्हींचा संबंध असणं अशक्य नाही. पण हा संबंध जनावराच्या बुजरेपणाशी आहे, तोही सरासरीनं. पाठीवरच्या किंवा वशिंडाजवळच्या गोमेवरून मालकाच्या नशिबाचं भाकीत करणं वेगळं. मी बाजारात गेलो की सांगतो, जनावर चालवून बघा, वैरण खाताना बघा, डोळे आणि खूर बघा.

कांबळं · रविवार, सकाळी ९:०५

आमची मेंढरं आहेत, गोकाक साइडला. दख्खनी, काळी. बाहेरचे लोक म्हणतात तुमची लोकर राठ आहे, दर येत नाही. परदेशी मेंढीची मऊ. हे पण पोटातच ठरतंय काय? चारा चांगला दिला तर लोकर मऊ होते काय?

पशुवैद्य_अथणी · रविवार, सकाळी ९:४०

होय, पोटातच ठरतं. मेंढीच्या कोकरातही मुळं खेपेखेपेनं येतात. गाभण काळ पाच महिन्यांचा. दोन महिन्यांच्या आसपास मुख्य मुळं सुरू होतात, त्यांना घामाची ग्रंथी आणि केस उभा करणारा स्नायू असतो. त्यानंतर त्यांच्या शेजारी दुय्यम मुळं येतात, त्यांतून बारीक लोकर निघते. मेरिनो या मऊ लोकरीच्या परदेशी जातीत एका मुख्य मुळामागं वीसच्या आसपास दुय्यम मुळं असतात, दख्खनीत अगदी थोडी. राठपणाचं कारण ते. जातीचा गुण आहे, तुमच्या पाळण्यात खोट नाही.

चाऱ्याचं उत्तर मात्र महत्त्वाचं आहे. मोठ्या मेंढीला कितीही खाऊ घातलं तरी नवीन मुळं येत नाहीत. पण दुय्यम मुळं गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत तयार होत असतात. त्या वेळी मेंढी उपाशी राहिली तर कोकराची दुय्यम मुळं कमी पडतात आणि ती कमतरता जन्मभर राहते. कळप लांब चराईला निघाला असेल तर गाभण मेंढ्यांना वेगळा खुराक द्या. राठ लोकरीचं घोंगडं पावसात आणि थंडीत जे काम करतं ते मऊ लोकरीला जमणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

यळ्ळूरचा_पोरगा · रविवार, दुपारी १:२०

ताई, माझं वय २४. पुढून केस जाऊलालेत. गावात एक तेल मिळतंय, बाटलीवर "नवीन मुळे तयार करते" असं लिहिलंय. विंट संकेत वाढवला की केस येतात म्हणताय, मग तसलं तेल करता येणार नाही काय?

मलप्रभेकाठची · रविवार, दुपारी २:१०

भावा, ते तेल घेऊ नको. माणसात सगळी केशपुटकं जन्माआधी तयार होतात, तेलानं नवीन होत नाहीत. तुझ्यासारख्या वयात पुढून केस जातात तेव्हा बहुतेक वेळा मूळ मरत नाही, बारीक होत जातं, आणि त्यातून येणारा केस दर फेऱ्याला आखूड, पातळ होतो. त्यावर औषधं आहेत, पण ती त्वचारोगतज्ज्ञाला दाखवूनच. लवकर दाखवलंस तर फायदा जास्त.

विंट वाढवण्याबद्दल तू बरोबर विचारलंस. १९९८ मध्ये उंदराच्या कातडीत बीटा-कॅटेनिन हे विंटचं काम पुढं नेणारं प्रथिन कायम चालू राहील असं केलं. मोठ्या उंदराच्या कातडीत खरोखर नवीन मुळं आली. आणि त्याच उंदरांना केसांच्या मुळांच्या गाठी झाल्या. सॉनिक हेजहॉगचंही तसंच. तो नको तिथं चालू राहिला की त्वचेचा एक कर्करोग होतो, आणि त्या कर्करोगावर हेजहॉग अडवणारं औषध दिलं की रुग्णाचे केस गळतात. गर्भात हे संकेत मोजक्या जागी, मोजका वेळ चालू असतात, म्हणून त्यांच्यापासून अंगभर नीट केस होतात.

आशेची दोन कामं सांगते. २००७ साली दिसलं की मोठ्या उंदराला पुरेशी मोठी जखम झाली तर भरून येताना तिच्या मधोमध नवीन केशपुटकं तयार होतात, विंटच्याच मदतीनं. ते केस बहुतेक पांढरे येतात. आणि १९९९ मध्ये एका पुरुषाच्या डोक्यावरच्या केसांच्या बुडाचं आवरण काढून एका बाईच्या हातावर लावलं, तिथं जाड केस उगवले. आतला थर नीट मिळाला तर वरचा थर मोठ्या वयातही ऐकतो, एवढं यातून कळतं. दुकानात मिळण्यासारखं यातून अजून काही तयार झालेलं नाही.

गुरुजी_निपाणी · रविवार, दुपारी ४:००

आठवी-नववीच्या मुलांना हे दाखवायचं आहे. शाळेत उंदीर नाही आणि सूक्ष्मदर्शकही जेमतेम. काही सुचवाल?

मलप्रभेकाठची · रविवार, दुपारी ४:३०

सर, चिकनच्या दुकानातून कातडीसकट कोंबडी घ्या. मांडी आणि पाठीवरची कातडी ताटात पसरा. पिसं उपटलेल्या जागी बारीक फुगीर ठिपके दिसतील. ते तिरक्या ओळींत असतात, मधल्या एका ठिपक्याभोवती साधारण सहा शेजारी. शिवाय काही पट्ट्यांत एकही ठिपका नसतो, तिथं पीस उगवतच नाही. पिसाला आणि केसाला लागणारे संकेत बरेचसे तेच आहेत: विंट, एडा, बीएमपी, सॉनिक हेजहॉग.

मुलांना दानिएल द्वाई यांचे १९७० च्या दशकातले प्रयोगही सांगा. त्यांनी कोंबडीच्या गर्भाची बाह्यत्वचा आणि उंदराच्या गर्भाची अंतस्त्वचा एकमेकांना जोडली. काय उगवेल, हे मुलांना आधी ओळखायला लावा. उगवायला लागलं ते पीसच, कारण वरच्या थराला तेवढंच करता येतं. पण ते उंदराच्या केसांच्या मांडणीत. कुठं उगवायचं हे आतल्या थरानं सांगितलं, काय उगवायचं ते वरच्या थरानं.

दोन_लेकरांची_आई · रविवार, रात्री ८:४५

मी बेळगावातच असते. कालपासून हा धागा वाचतेय आणि लिहू का नको असं होत होतं. माझ्या धाकट्याला चार वर्षं झाली. डोक्यावर केस अगदी विरळ, दात फक्त तीन, ते पण टोकदार. त्याला घाम येत नाही. लहान असताना उन्हाळ्यात सारखा ताप चढायचा, कारण कुणालाच कळलं नाही. शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं की हा जन्मजात आजार आहे, एक्टोडर्मल डिस्प्लेशिया. सासरी म्हणतात की गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं. तुम्ही वर एडा असं नाव लिहिलंय, रिपोर्टवर पण तेच अक्षर आहे. हे तेच का?

मलप्रभेकाठची · रविवार, रात्री ९:५५

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. होय, तेच. आणि ग्रहणाचा याच्याशी कसलाही संबंध नाही. तुमच्याकडून काहीही चुकलेलं नाही.

एडा हा संकेत गर्भाच्या बाह्यत्वचेत चालतो. विंटनं चकतीची जागा धरली की एडा तिला पक्कं करतो. केस, दात आणि घामाच्या ग्रंथी हे तिन्ही अवयव चकतीपासूनच सुरू होतात, म्हणून एक संकेत बिघडला की तिन्ही ठिकाणी दिसतं. उंदरांत हाच बिघाड असलेली टॅबी नावाची जात १९५० च्या दशकापासून माहीत आहे. आमच्याकडं ती आहे. शेपटी पूर्ण उघडी, टोकाला वाकडी, कानांमागं टक्कल. अंगावर केस दिसतात, पण पहिल्या आणि तिसऱ्या खेपेचे केस नसतात. पंजांना घाम येत नाही.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलाला एकच एक्स मिळतो, आईकडून. म्हणून आजार मुलांत पूर्ण दिसतो आणि आईत कधी अजिबात नाही, कधी थोडासा. टॅबी जातीच्या वाहक माद्यांच्या अंगावर पट्टे दिसतात, कारण काही पेशींत चांगला एक्स चालू असतो, काहींत बिघडलेला. तुमच्या पाठीवर घाम सगळीकडं सारखा येतो का, एखादा दात जन्मतःच नव्हता का, हे आठवून बघा. डॉक्टरांना सांगायला उपयोगी पडेल.

हा आजार आपल्याकडच्या नोंदींत जुना आहे. डार्विननं सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल लिहून ठेवलंय: चार पिढ्यांत दहा पुरुष, मोजके दात, अंगावर फार कमी केस, उन्हाळ्यात हाल. मुलींना त्रास नाही, पण त्यांच्या मुलांना होतो, हेही त्यात आहे. त्या काळी सिंध आणि बेळगाव दोन्ही मुंबई इलाख्यात होते.

आता लेकराबद्दल. बेळगावची हवा त्यातल्या त्यात बरी, पण मार्च ते मे जपावं लागेल. शाळेत बाईंना लेखी द्या की त्याला मैदानात उन्हात उभं करू नये, पाण्याची फवारणी बाटली जवळ असावी, अंगातला सुती बनियन ओला करून घालायची मुभा असावी. ताप आला तर आधी अंग गार करा, मग डॉक्टर. दातांसाठी लहान मुलांच्या दंतवैद्याला आताच दाखवा. या वयातही काढता-घालता येणाऱ्या कवळ्या बसवतात, मूल वाढेल तशा बदलाव्या लागतात. जेवण आणि बोलणं दोन्ही सुधारतं.

दोन_लेकरांची_आई · रविवार, रात्री १०:२०

वाचताना रडू आलं. यजमानांनाही वाचायला दिलं. अजून एक विचारते. माझी धाकटी बहीण आता तिसऱ्या महिन्यात आहे. तिला काही करायला हवं का? आणि यावर औषध कधी येणार?

मलप्रभेकाठची · रविवार, रात्री ११:०५

बहिणीसाठी आधी तुमची तपासणी व्हायला हवी. लेकराच्या रिपोर्टवर जनुकातला जो नेमका बदल लिहिलाय, तो तुमच्यात आहे का हे रक्तावरून कळतं. कधी कधी तो बदल मुलातच नव्यानं झालेला असतो. तुमच्यात असला तर तुमच्या आईची आणि बहिणीची तपासणी करायची. आई वाहक असेल तर बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी. बहीण वाहक असली तर तिच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी वाहक असण्याची निम्मी. हे सगळं जनुकीय समुपदेशन करणाऱ्या डॉक्टरांसमोर बसून समजून घ्या, मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात विचारा. तिसरा महिना आहे म्हणजे वेळ आहे, पण फार दवडू नका.

औषधाचं सांगते. २००३ मध्ये गाभण टॅबी उंदरीला बाहेरून एडा प्रथिन दिलं. तिच्या पिल्लांना केस आले, घामाच्या ग्रंथी आल्या, आणि त्या जन्मभर टिकल्या. माणसात नवजात बाळांना देऊन बघितलं तेव्हा तसा परिणाम दिसला नाही, कारण मुळं रोवण्याची वेळ निघून गेलेली होती. मग जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी ते गर्भजलातच दिलं. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या त्या कामात जुळी आणि आणखी एक, अशी तीन मुलं होती. तिघांनाही घाम येतो. तिथं गर्भाच्या सोनोग्राफीत दातांचे अंकुर मोजून आजार ओळखतात. हा उपचार अजून चाचणीच्या टप्प्यात आहे, नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही. तुमच्या लेकरासाठी त्याची वेळ गेली आहे, हे लिहिताना मलाच जड जातंय. पण कवळी, गारवा आणि शाळेची साथ मिळाली तर ही मुलं शिकतात, कामाला लागतात, संसार करतात.

पशुवैद्य_अथणी · रविवार, रात्री ११:३०

ताई, ग्रहणाचा संबंध नाही हे सासरच्यांना पटत नसेल तर सांगा की हाच आजार गाईच्या वासरांतही नोंदलेला आहे. तिथंही एडा हेच जनुक, आणि नर वासरंच पूर्ण बाधित. गाईनं कुठलं ग्रहण मोडलं?

दोन_लेकरांची_आई · सोमवार, सकाळी ६:५०

हे मी जसंच्या तसं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण रिपोर्टची फाईल त्यांनीच कपाटातून काढून दिली. आज अकराला आईला आणि बहिणीला घेऊन दवाखान्यात जातेय. अजून काय कागद लागतील, कुणाला माहीत असेल तर दहाच्या आधी सांगा.

मलप्रभेकाठची · सोमवार, सकाळी ७:२०

लेकराचा जनुकीय रिपोर्ट मूळ आणि झेरॉक्स, बहिणीची सोनोग्राफी, आणि माहेरच्या तीन पिढ्यांची यादी: कुणाला दात कमी, कुणाचे केस विरळ, कुणाला ऊन सोसत नव्हतं, कुठलं मूल लहानपणी तापानं गेलं. आईला आताच विचारून लिहून घ्या, मामांना आणि मावश्यांच्या मुलांना विसरू नका.